मोजणारा

“सर, मोठ्यानं मोजा की. तुमचं मोजणं माझ्या खांद्यापतुर पोचतच न्हाई.”

मी घसा साफ केला आणि म्हणालो, “तीन.”

“म्हंजे एक आन् दोन झालं वाटतं!” मालनबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. मागच्या बाकावर गुडघे शेकत बसलेली माणसं हसली. माझे कान तापले. “चार” म्हणालो ते आणखीच हळू आलं.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालली होती. खांद्याच्या उंचीपर्यंत ती भराभर आली. तिथून पुढे इंचाइंचाला थांबू लागली. ‘पाच’ला त्यांनी ओठ आत ओढून घेतले. ‘सहा’ला कपाळ भिंतीला टेकवलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात, तळमजल्यावरच्या व्यायामाच्या खोलीत सोमवार, बुधवार आणि शनिवारी आम्ही भेटत होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मालनबाई मागच्या वर्षी गेल्या. त्या असत्या तर हे लिहिलं नसतं. नसतानाही लिहावं की नाही, हे अजून माझं मला ठरवता आलेलं नाही.

आम्हा दोघांची शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात झाली, ऑगस्टच्या सुरुवातीला. डॉक्टर आवटींनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. खांद्याच्या गोल हाडावर स्नायूंच्या चार दोऱ्या येऊन टोपीसारख्या बसतात. हात वर उचलायचं काम त्यांचं. त्यातली वरची दोरी आम्हा दोघांचीही तुटली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून आत जाऊन ती पुन्हा हाडाला शिवली. “शिवणं माझं काम,” ते म्हणाले, “पण ती हाडाला धरते की नाही, हे पुढच्या तीन महिन्यांत तुम्ही ठरवायचं. सहा आठवडे हात झोळीत. मग हळूहळू वर. बारा आठवडे पुरे होईपर्यंत त्या हातानं चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही.”

माझी दोरी तुटली ती स्टुलावरून पडून. माळ्यावरचं पुस्तकांचं खोकं ओढत होतो. ज्या पुस्तकासाठी चढलो होतो ते खालच्या कपाटातच होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मालनबाईंची दोरी तीस वर्षं झिजत आली होती. तासगावच्या पुढे त्यांचं गाव. तिथे द्राक्षाचे वेल डोक्यावरच्या तारांच्या मांडवावर चढवलेले असतात, त्यामुळे बागेतलं सगळं काम हात वर करून. एका सकाळी बांधावर पाय घसरला, त्यांनी आधाराला तार धरली आणि सगळं वजन त्या एका हातावर आलं. “आवाज आला,” त्या सांगायच्या. “मला वाटलं तार तुटली.”

खोलीचा कारभार आरती मगदूम नावाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी एकटी सांभाळत होती. मदतनिसाची जागा दोन वर्षं रिकामी होती. दोन तासांत पंचवीस पेशंट. तिनं त्यावर तोड काढली होती ती जोड्यांची. एकानं व्यायाम करायचा, दुसऱ्यानं मोजायचं. पहिल्या दिवशीच तिनं आम्हाला समोरासमोर उभं करून नियम सांगितला.

“ज्याचा हात दुखतो त्यानं मोजायचं नाही. दुखायला लागलं की माणूस पाचाचे आठ करतो. नाहीतर ईर्षेला पेटतो आणि आठाचे वीस करतो. म्हणून मोजणारा दुसरा. आणि हळबे काका, ‘बस’ म्हणायचं ते मोजणाऱ्यानं. चेहरा बघायचा, खांदा बघायचा. काही वेडंवाकडं दिसलं की बस. मग हात खाली. त्यावर वाद नाही. कळलं ना मावशी?”

“कळलं,” मालनबाई म्हणाल्या. “पण ह्यांना बोलता येतंय न्हवं?”

मी चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. तिथे भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, त्यामुळे ते मला कधी तोंडानं सांगावं लागलं नाही.

मालनबाईंना मी दोनदा सांगितलं की मला सर म्हणू नका, मी शिकवत नव्हतो.

“पुस्तकं हुती न्हवं हाताखाली?”

“होती.”

“मग सर.”

झोळी निघाली त्याच आठवड्यात त्यांनी पिशवीतून सुतळीचा तुकडा काढला. बागेतल्या मातीपासून मांडवाच्या तारेपर्यंत मापून आणला होता. मगदूम मॅडमनं तो भिंतीला लावला आणि वरच्या टोकाशी निळ्या खडूनं रेघ ओढली. मालनबाईंची बोटं तेव्हा त्या रेघेच्या वीतभर खाली थांबत होती.

व्यायाम झाला की व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही थोडा वेळ बसायचो. त्यांची एस.टी. पाऊण वाजता असे, आणि मला घरी जाऊन करण्यासारखं काही नसे. त्या भाकरी सोडायच्या, मला अर्धी द्यायच्या. मी नको म्हणायचो. त्या माझ्या नको म्हणण्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत.

“दिवाळी झाली की डिपिंग सुरू,” त्यांनी एकदा सांगितलं. “म्हंजे एका हातात औषधाचा कप धरायचा, आन् दुसऱ्या हातानं येक-येक घड त्यात बुडवायचा. एका वेलाला चाळीस घड. दिवस मावळेस्तवर हात वरच. तवर माझा हात तारेला लागला पायजे.”

“नाही लागला तर?”

“न्हाई लागला तर टोळी शेवंताची.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “चौदा बायका हायत माझ्या टोळीत, त्यातली शेवंता कवाची टपलीया. मुकादमीण पुढच्या ओळीला असती. तिचा हात जितका बिगीनं चालंल तितक्या बिगीनं मागच्यांचा. हात खाली पडल्याली मुकादमीण कुणी ठिवून घेईल व्हय? पंधरा वर्सं टोळी माझी हाय, सर. लोक मला नावानं वळकत न्हाईत, टोळीनं वळकत्यात. मालनची टोळी आली, म्हणत्यात.”

“आणि सध्या?”

“सध्या सून उभी ऱ्हातीया माझ्या जागी. जयश्री. घरातलं कुणीतरी ओळीत हाय तवर जागा आमची. तिला सहावा लागलाय. आई न्हाई तिला, म्हायेर बी न्हाई. नको म्हणलं तर आयकत न्हाई पोरगी. ‘आत्या, तुमची जागा मी जाऊ देणार न्हाई’ म्हणती.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमाला कुठवर पायजे हात?”

“वरच्या फळीपर्यंत.”

“काय हाय तितं?”

“पुस्तकं.”

“खालच्या फळीवर ठिवा की.”

यावरचं उत्तर मला रात्री सुचलं, पण तेही फारसं चांगलं नव्हतं.

माझी पाळी आली की त्या मोजायच्या. त्यांचा आवाज बाहेरच्या औषधांच्या खिडकीपर्यंत जायचा. “येक! हे काय, हे अर्धंच झालं. अर्ध्याला मी येक म्हणणार न्हाई. घ्या पुन्ना. ह्ये बघा, आता झालं येक!” पाचव्या फेरीला माझा चेहरा जरा वेडावाकडा झाला की त्या लगेच “बस!” म्हणायच्या आणि माझं कोपर तळहातावर तोलून हात खाली आणायच्या. त्यांचं ‘बस’ कधी चुकलं नाही. माझा हात आज कानाच्या वर जातो, त्यात डॉक्टर आवटींच्या टाक्यांइतकाच त्या आवाजाचा वाटा आहे.

मी मात्र ‘बस’ एकदाच म्हणालो.

शस्त्रक्रियेनंतरचा आठवा आठवडा होता. मालनबाईंची बोटं निळ्या रेघेच्या चार बोटं खाली येऊन थांबली होती. मानेची शीर ताठली होती. ओठ पांढरे पडले होते. मी म्हणालो, “बस.”

त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांनी मान किंचित वळवली.

“बागेत कोण बस म्हणतंय मला?” त्या म्हणाल्या आणि बोटं पुढे चालवली. एक इंच. आणखी एक. बोटं आणखी वर गेली आणि रेघेखाली जेमतेम बोटभर अंतर राहिलं. मागच्या बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मगदूम मॅडम धावत आली, तिनं खूण पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

“मावशी! कोणी मोजलं?”

“सरांनी,” मालनबाई म्हणाल्या. दम लागला होता तरी हसत होत्या.

नंतर बाकावर त्या मला म्हणाल्या, “सर, रागावू नका. पण तुमी बस म्हणत जाऊ नका. तुमचं मन कच्चं हाय. त्यापायी माझा हात कच्चा ऱ्हाईल.”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मोजणं आकड्यांचं काम होतं, तेवढं मला जमत होतं.

मग तो सोमवार आला. दहावा आठवडा लागला होता. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून आत पसरलं होतं आणि खोलीत शेकाच्या मशीनचा वास होता. मालनबाई अर्धा तास उशिरा आल्या. पदर उजव्या हातावर ओढून घेतला होता. केसपेपर त्यांनी डाव्या हातानं टेबलावर ठेवला. मी “बस चुकली का?” असं विचारलं, त्याला त्यांनी नुसतं “हूं” म्हटलं.

भिंतीकडे त्या गेल्याच नाहीत. कोपऱ्यात लाकडी फळीवर वाळूच्या कापडी पिशव्या असत. अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. तीन महिने उलटलेल्या पेशंटांसाठी त्या होत्या. मालनबाईंनी किलोची पिशवी डाव्या हातानं उचलून उजव्या हातात दिली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आजवर मोजताना मला त्यांची पाठ दिसायची. त्या दिवशी चेहरा समोर होता.

“मोजा, सर.”

मगदूम मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, एका म्हाताऱ्याचा पाय गुडघ्यात वाकवत. तिची आमच्याकडे पाठ होती.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ‘मालनबाई, बारा आठवडे पुरे झालेले नाहीत, ती पिशवी खाली ठेवा.’ संपूर्ण वाक्य, कर्त्याकर्मासकट. मी ते म्हणालो नाही.

“मोजा,” त्या पुन्हा म्हणाल्या.

“एक,” मी म्हणालो.

हात कमरेपासून वीतभर वर आला. बाकीचं काम खांदा कानाकडे ओढून चाललं होतं. ते चुकीचं आहे हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

“दोन.”

त्यांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मला वाटलं, त्या माझ्या मोजण्याची वाट पाहत आहेत. म्हणून मी म्हणालो, “तीन.”

पिशवी फरशीवर पडली. हात दोरी सुटल्यासारखा खाली आला. मालनबाई मटकन खाली बसल्या आणि ओरडल्या, “आई गं, गेला! माझा हात गेला!”

सगळी खोली उठली. मगदूम मॅडम म्हाताऱ्याचा पाय तसाच सोडून धावली. तिनं मालनबाईंचा खांदा दोन्ही हातांत घेतला, बोटांनी चाचपला, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग गेला. मग तिला जमिनीवरची पिशवी दिसली.

“ही कुणी दिली यांना? कोण मोजत होतं?”

मी हात वर केला. सवयीनं उजवाच केला, शिवलेला. तो कानापर्यंत गेला.

फोटो काढले, तपासण्या झाल्या. टाके हाडातून सुटून आले होते. डॉक्टर आवटी म्हणाले, पुन्हा शिवता येईल, पण दोरी जुन्या कापडासारखी झाली आहे, धरेल याची खात्री नाही. मालनबाईंनी दुसऱ्या शस्त्रक्रियेला नको म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना तो दारात मगदूम मॅडमला म्हणाला, “तुमच्या खोलीत झालं हे. माणसं कशाला ठिवलीत मग इतं?” त्याच्या मागे मालनबाई उभ्या होत्या, हात पुन्हा झोळीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात जोड्या बंद झाल्या. मगदूम मॅडम पंचवीस पेशंटांना एकटी मोजू लागली. एका कोपऱ्यातून “काका, सात!”, दुसऱ्यातून “आजी, खाली!” महिन्याभरात तिचा आवाज बसला. दवाखान्याच्या विश्वस्तांनी तिच्याकडे लेखी खुलासा मागितला आहे, असं शेकाच्या मशीनवरच्या बाईनं मला सांगितलं. तिची नेमणूक वर्षाच्या कराराची होती, मार्चमध्ये संपणारी.

मी झोपायला आडवा झालो की मोजायचो. एक, दोन, तीन. तीनच्या आधी बस म्हणायला किती वेळ होता, हे मी अनेकदा मोजून पाहिलं. भरपूर होता.

दिवाळी झाली. डिपिंग सुरू झालं असणार. संक्रांत झाली. त्यानंतरच्या आठवड्यात मी तासगावला गेलो आणि तिथून दुसरी एस.टी. पकडली. बरोबर अर्धा किलो पेढे घेतले होते. माफी मागायला जाताना पेढे न्यावेत की नाही, हे मला कळत नव्हतं. पण रिकाम्या हातानं जायचंही धाडस नव्हतं.

मालनबाई अंगणात पाटावर बसल्या होत्या. समोर पाय पसरून, पायांवर पंधरा-वीस दिवसांची मुलगी पालथी घालून, डाव्या हातानं तिच्या पाठीला तेल चोळत होत्या. उजवा हात मांडीशेजारी ठेवल्यासारखा पडला होता.

“आगं बया, सर!” त्या म्हणाल्या. “जयश्री, चहा टाक. माझं मोजणारं सर आल्यात.”

सून दारात आली. कानाला फडकं बांधलेलं, चेहरा फिकट, पण हसरा. तिनं नमस्कार केला. “आत्या लई सांगत्यात तुमचं,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य आठवेना.

“मालनबाई, त्या दिवशी मी... मला दिसत होतं. मी थांबवायला हवं होतं. तुमचा हात माझ्यामुळे गेला.”

त्यांचा डावा हात बाळाच्या पाठीवर थांबला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

“हे तुमी कवापासून डोक्यात घिऊन बसलाय?”

“त्या दिवसापासून.”

“आरं देवा.” त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. आवाज इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं. “सर, हात त्या दिवशी गेलाच न्हवता. आदल्या दिवशी गेला हुता. आयतवारी.”

“रविवारी?” मी विचारलं.

“आयतवारी मी बागंत भाकरी घिऊन गेल्ते. नको असल्यालं फुटवं काढायचं काम चाललं हुतं. ही पोर ओळीत उभी, तोंड पांढरं फटक, तोल जायला लागल्याला. मी तिला खाली बसवलं, सावलीला. पडली तशी झोपलीच. तिची अर्धी ओळ ऱ्हायल्याली. शेवंता पलीकडनं बगत हुती. मी डाव्या हातानं चालू केलं. पर एका हातानं ते व्हतंय का? तीस वर्सांची सवय, सर. उजवा कवा वर गेला मलाच कळलं न्हाई.” त्यांनी बाळाला उताणं केलं. “आत काहीतरी फाटलं. पातळ फाटतंय तसं. मी तोंडात पदर कोंबला. ओळ पुरी केली आन् तिला उठवलं. तिला अजूनपतुर ठावं न्हाई.”

“पण मग दवाखान्यात...?”

“घरात कळलं असतं तर माझा ल्योक काय बोलला असता? तुझ्यापायी आईचा हात गेला. आन् ती पोर काय बोलली असती? काहीच न्हाई. जल्मभर माझ्या हाताकडं बगत बसली असती. आई न्हाई तिला. पोटात हे.” त्यांनी बाळाच्या छातीवर तळवा ठेवला. “दवाखान्यात जे हुतंय ते कुणी केल्यालं नसतंय, सर. ते हुतंय. कुणाच्या माथी बसत न्हाई. म्हणून मी ती पिशवी उचलली.”

आतून कपबश्यांचा आवाज आला. मी हळूच विचारलं, “माझ्याच समोर का?”

बाळानं पाय झाडले. त्यांनी ते एका हातात धरले.

“दुसऱ्या कुणी बस म्हणलं असतं,” त्या म्हणाल्या.

मी पेढ्यांचा पुडा मांडीवरून उचलून पाटाच्या कडेला ठेवला.

“तुमी मनाला लावून घ्याल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, पुस्तकातला माणूस हाय, चार दिसांत इसरंल. चुकलं माझं. कुणाला बोलू नका, सर. माझ्या मागारी काय करायचं ते करा.”

“नाही बोलणार.”

“मॅडम बऱ्या हायत न्हवं? लई जीव लावला पोरीनं.”

“बऱ्या आहेत,” मी म्हणालो.

जयश्री चहा घेऊन आली. टोळी आता शेवंताकडे गेली आहे, हे तिनंच सांगितलं. आत्या द्राक्षं उतरली की शेडमध्ये बसून पेट्या भरायच्या कामाला जाणार, तिथे हात वर करावा लागत नाही. “पर बागेकडं तोंड करून बसत्यात बघा रोज,” ती म्हणाली. मालनबाई म्हणाल्या, “गप ए. चहा गार हुतोय सरांचा.”

परतीच्या एस.टी.त मला खिडकीजवळची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना मांडव होते आणि त्यांच्याखाली बायकांचे वर उचललेले हात. मी डोळे मिटून घेतले. माझी चूक नव्हती, हे मला कळलं होतं. त्यानं बरं वाटायला हवं होतं.

फेब्रुवारीत सहा महिने पूर्ण झाले, तेव्हा माझ्या खांद्याची शेवटची मापं होती. मगदूम मॅडमनं कोनमापक लावून हात सगळ्या दिशांना फिरवून पाहिला आणि आकडे कागदावर लिहिले. तिचा आवाज घोगरा होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“तुमचा हात शंभरातला एक आहे काका. या वयात असं क्वचित येतं.”

तिनं पेन खाली ठेवलं. “एक विचारू? विचारणार नव्हते. त्या दिवशी तुम्ही बस का नाही म्हणालात?”

टेबलावर तिच्या हाताखाली विश्वस्तांचं पत्र होतं. दुसरं की तिसरं, ते मला वाचता आलं नाही. तिला सोडवायला माझ्याकडे एक वाक्य होतं, आणि ते म्हणणार नाही असं मी कबूल केलं होतं. मी त्या कागदाकडे पाहत राहिलो. बाहेर कोणीतरी रांगेवरून भांडत होतं.

“मला एक कोरा कागद द्या,” मी म्हणालो.

“कशाला?”

“मगदूम मॅडम, कागद द्या.” आवाज जरा मोठा आला असावा, कारण गुडघ्याच्या बाकावरच्या बाईनं वळून पाहिलं.

तिनं दिला. मी लिहिलं: अमुक तारखेला सकाळी श्रीमती मालन कोळेकर यांचा व्यायाम मी मोजत होतो. त्यांनी वजन उचलल्याचं मला दिसलं. बारा आठवडे पुरे होण्याआधी ते उचलायचं नसतं हे मला माहीत होतं. त्यांना थांबवण्याची जबाबदारी मला स्पष्ट शब्दांत, सर्वांसमोर देण्यात आली होती. मी थांबवलं नाही. यात व्यायाम विभागाचा काहीही दोष नाही.

वाक्यं मी दोनदा वाचली. एकही खोटं नव्हतं.

तिनं कागद वाचला. “काका, हे विश्वस्तांपुढे जाईल. फाईलमध्ये राहील.”

“राहू दे.”

“यानं मावशींचा हात परत येणार नाही.”

“नाही येणार.”

मी कागद पुन्हा माझ्याकडे ओढला आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. सही स्वच्छ आली. हात जरासुद्धा दुखला नाही.